धरणगावनंतरची झोप

आमच्या अमळनेरला समुद्र नव्हता, पण समुद्राकडून येणारी गाडी होती. सकाळची पॅसेंजर सुरतेच्या बाजूने यायची आणि तिच्या मागच्या डब्यातून सुक्या मासळीच्या टोपल्यांचा असा भपकारा फलाटावर उतरायचा की आमच्या गल्लीतले शहाभाई नाकाला रुमाल लावून म्हणायचे, ‘आला, दरिया आला.’ लहानपणी माझी पक्की समजूत होती की रूळ संपतात तिथेच पाणी सुरू होतं आणि आमची गाडी रात्रभर त्यात डुंबून सकाळी अंग न पुसता इकडे येते. हिवाळ्यात डब्यांच्या पत्र्यावरून दवाचे ओघळ वाहताना दिसायचे, त्यामुळे पुरावाही होता. शाळेत भूगोलाच्या बाईंनी भरती-ओहोटी शिकवली तेव्हा सगळ्या वर्गात ती फक्त मला लगेच कळली. आमच्या गल्लीला ती रोज यायची. सकाळी पॅसेंजर गेली की ओहोटी, संध्याकाळी परत आली की भरती. सगळं अप-डाऊनवाल्यांचं गाव. झोपायला अमळनेर, कमवायला जळगाव.

ओहोटीनंतरची आमची स्टेशनमागची गल्ली तुम्ही पाहायला हवी होती. पुरुषाचा आवाज म्हणून कानावर पडायचा नाही. सिंधीणबाई गच्चीवर पापड पसरायच्या, शहाभाईंच्या घरात गुजरातीत कुणावर तरी रागावणं चालायचं, गँगमनची तेलुगू बायको आपल्याशीच बोलत दारात रांगोळी काढायची, आणि पिंजाऱ्यांच्या अंगणातून कापूस पिंजण्याच्या धनुकलीचा टण्ण, टण्ण आवाज यायचा. पाच भाषा एकाच हातपंपावर पाणी भरायच्या आणि भांडणं मात्र सगळ्या जणी अहिराणीत करायच्या, कारण भांडायला तिच्याइतकी सोयीची भाषा नाही. मग दुपार चढायची. तेलाच्या कारखान्याकडून तापलेल्या तुपासारखा एक जड वास यायचा, बायका आडव्या व्हायच्या, धनुकलीही थांबायची, आणि गल्लीत नुसते दोरीवरचे पुरुषांचे सदरे हलत राहायचे. वारा नसतानाही त्यातला एखादा हात वर करायचा. मी उंबऱ्यात बसून ते बघायचे आणि अंगावर काटा आला की आत पळायचे. काटा येण्याची मला तेव्हापासून आवड आहे. पन्नाशी उलटली तरी गेलेली नाही.

माझे वडील, म्हणजे नाना, जळगावला एका सरकारी कचेरीत कारकून होते. गाडीत त्यांची चौकडी होती. रहीमचाचा पिंजाऱ्यांच्या घरातले, पण त्यांनी कापूस सोडून कात्री धरली होती आणि जळगावच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानी ते कापड बेतायला जायचे. भिकाभाऊ पाटील पारोळ्याकडच्या खेड्यातले, शाळामास्तर. शाळेत शुद्ध मराठी आणि गाडीत शुद्ध अहिराणी. आणि शहाभाई दाणाबाजारात मुनीम. गाडी आमच्या स्टेशनात शिरायची ती भरलेलीच, पण नरडाण्याला चढणारा एक कंपाउंडर या चौघांसाठी चार रुमाल टाकून जागा धरून आणायचा. खिडकीची जागा नानांची. शेजारी चाचा, नानांच्या समोर भिकाभाऊ, त्यांच्या शेजारी शहाभाई. आठ गुडघ्यांवर एक टॉवेल ताणला की झालं टेबल. त्यावर मेंढीकोट. तुम्ही खेळला नसाल तर एवढं सांगते की यात दोघांविरुद्ध दोघे असतात, दहिले, म्हणजे दहाची पानं, जिंकायचे असतात आणि चारही दहिले एका बाजूला गेले की कोट झाला म्हणतात. ज्यांच्यावर कोट चढतो त्यांनी संध्याकाळपर्यंत तोंड दाखवायचं नसतं. नाना आणि शहाभाई एका बाजूला, चाचा आणि भिकाभाऊ दुसऱ्या.

नानांची एक खोड होती. धरणगाव गेलं की त्यांना झोप लागायची, आणि गिरणेच्या पुलावर गाडीचा आवाज पोकळ झाला की ते आपोआप जागे व्हायचे. मधल्या वेळात पत्ते त्यांच्या बोटांत पंख्यासारखे अडकलेले राहायचे आणि चाचा शेजारून एकेक पान ओढून त्यांचा डाव खेळायचे. म्हणजे स्वतःच्याच विरुद्ध. इमानाने. नानांच्या हातातल्या हुकुमाने स्वतःचं पान कापताना चाचा ‘हाय रे मेरी किस्मत’ म्हणायचे, पण कापायचे. डब्यात कुणी नवखा मोठ्याने बोलला की भिकाभाऊ बोट दाखवायचे, “नाना जपेल शेतस, उठाडू नका.” जपणं म्हणजे आमच्याकडे झोपणं. वरून नानांना नाटकाची भारी हौस. कधी पूल येऊनही ते डोळे मिटून पडून राहायचे आणि हे तिघं उठवायला वाकले की भो करायचे. मी कुणावर गेले आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

एके सकाळी नाना कळण्याची भाकरी आणि भरली वांगी डब्यात घेऊन गेले आणि दुपारच्या उलट्या गाडीने त्यांना आणलं. डबा भरलेलाच परत आला. फलाटापासून घरापर्यंत भिकाभाऊ खांदा देऊन, चाचा मागे, आणि शहाभाई, ज्यांना मी कधी चालताना सुद्धा घाईत पाहिलं नव्हतं, ते पळत पुढे सांगायला आले होते. आईने एकच विचारलं. त्यांनी पाणी मागितलं का, आणि कोणी दिलं का. आमच्या घराण्यात जाणाऱ्याच्या तोंडात पाणी पडलं पाहिजे, नाहीतर जाणारा वाटेत अडकतो, असं धरतात. शहाभाई म्हणाले, हो तर, पाळधीला गाडी थांबली तेव्हा मीच नळावरून आणलं. थोड्या वेळाने चाचा आले आणि आपण होऊन म्हणाले, भाभी, माझ्या बाटलीतलं पाणी पाजलं, दोन घोट घेतले. भिकाभाऊंनी तिसऱ्या दिवशी सांगितलं की नानांनी स्वतःच्या हाताने पाणी घेतलं, तुमचं नाव घेतलं आणि डोळे मिटले.

दहाव्याला बोरी नदीच्या काठावर पिंडाला कावळा शिवेना. धुळ्याहून, देवपुरातून, माझा मामा आला होता. त्याने सांगितलं की कावळे तीन आले, समोर बसले आणि तोंड फिरवून बसून राहिले. बहिणीला सांभाळीन म्हणून झालं, भाचीचं लग्न करीन म्हणून झालं, कावळा काही हलेना. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. हे तिघं मागे उभे होते, मामा म्हणाला, आणि एकाचीही मान वर नव्हती. त्या रात्री आई मला म्हणाली, “एका माणसाने शेवटचं पाणी तीन हातांनी कसं प्यायलं गं?” तेव्हापासून तिचं पाणी तुटलं. पेला तोंडाला लावायची आणि खाली ठेवायची. घोट उतरायचाच नाही. भाकरीचंही तेच. संध्याकाळी गाडीची शिट्टी ऐकली की हात मात्र आपोआप परातीत पीठ काढायचे, आणि ते भिजवून झाल्यावर तिला कळायचं की इतकं कुणासाठी. काही महिन्यांत ती इतकी वाळली की हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत चढायच्या. मामा म्हणाला, घर बंद करा, देवपूरला चला. आई म्हणाली, ते कुठे अडकलेत हे कळल्याशिवाय मी हे दार बंद करणार नाही.

नानांच्या कचेरीत मला अनुकंपेवर नोकरी लागली. माझी बारावी झाली होती, वेणी कमरेपर्यंत होती आणि अक्कल त्याहून बरीच आखूड. गल्लीतल्या दोन-तीन मुली बायकांच्या डब्यातून जायच्या, मीही तिथेच बसणार होते. आईने अडवलं. “त्यांच्या जागी बस,” ती म्हणाली. “काय झालं ते तिथेच कळेल.”

पहिल्या दिवशी मी त्या डब्यात चढले आणि थबकले. चार रुमाल. नरडाण्याचा कंपाउंडर इतके महिने चारच टाकत होता, आणि हे तिघं चौथा तसाच राहू देत होते. खिडकीची जागा रिकामी आणि आजूबाजूला लोक दांड्याला लोंबकळत उभे. नवख्या माणसाने विचारलं तर म्हणे उत्तर मिळायचं, आहे, येताहेत. मी जाऊन बसले. चाचांनी रुमाल उचलला, झटकला आणि घडी करून माझ्या हातात दिला. मग हळूहळू डबे उघडले. शहाभाईंचे थेपले, भिकाभाऊंची भाकरी आणि ठेचा, चाचांच्या घरची मेथी. चाचांच्या डब्यात कधी वशट असलंच तर शहाभाई आपण होऊन खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत बसायचे आणि चाचा झाकण लावल्यावर ‘झालं हां’ म्हणायचे, असा त्यांचा जुना करार होता. माझ्यापुढे ठेवलेल्या थेपल्याच्या कडा काढलेल्या होत्या. नानांना कडा आवडायच्या नाहीत. मला आवडतात. पण पुढे किती तरी दिवस मी नानांच्या आवडीचंच खात राहिले. भिकाभाऊ मला बोलता बोलता ‘नाना’ म्हणून जायचे. घरी पावलं वाजली की आई आधी माझ्या पायांकडे बघायची आणि मग तोंडाकडे. असं रोज रोज झालं की माणसाला आरशात बघायची भीती वाटू लागते, सांगते तुम्हाला.

दोन गोष्टी मात्र नानांच्या वेळच्या राहिल्या नव्हत्या. एक म्हणजे पत्ते. टॉवेल चाचांच्या खांद्यावर असायचा, गुडघे समोरासमोर असायचे, पण पत्ते निघायचे नाहीत. मी एकदा विचारलं तर शहाभाई म्हणाले, कंटाळा आला. मेंढीकोटचा कंटाळा अप-डाऊनवाल्याला येतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसरी गोष्ट म्हणजे, धरणगाव गेलं की हे तिघं गप्प व्हायचे.

आणि मला झोप लागायची. मी दिवसा कधी झोपणारी मुलगी नव्हते. पण त्या खिडकीत, त्या जागी, धरणगावचा फलाट मागे सरकला की पापण्यांवर कुणी हात ठेवल्यासारखं व्हायचं आणि मी झोपेत जायचे. गिरणेच्या पुलावर आवाज पोकळ झाला की जाग यायची. हे सगळं मी एक वेळ वारसा म्हणून सोडून दिलं असतं. पण जाग येण्याच्या जरासं आधी, रोज, माझ्या नाकाखाली, वरच्या ओठावर काहीतरी टेकायचं. गार. गुळगुळीत. पाण्याच्या थेंबाएवढं. टेकायचं, क्षणभर थांबायचं, आणि नाहीसं व्हायचं. मी डोळे उघडायचे तर समोर भिकाभाऊ खिडकीबाहेर, शहाभाई छताकडे आणि चाचा स्वतःच्या पायांकडे बघत असायचे. पहिल्यांदा वाटलं, खिडकीतून दव उडालं असेल. मग पौष गेला, माघ गेला, चैत्रात पत्रा भाजायला लागला, तरी तो थेंब गारच.

मी आईला सांगितलं. सांगायला नको होतं असं तुम्ही म्हणाल, पण असली गोष्ट मला फार दिवस पोटात ठेवता येत नाही. आईने लाटणं खाली ठेवलं. “ओठावर?” “हो.” “पाण्यासारखं गार?” “हो.” ती भिंतीला टेकून बसली. “पाणी मागताहेत,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडाने मागताहेत.” दुसऱ्या दिवशी तिने मला पाण्याने भरलेला छोटा तांब्या फडक्यात बांधून दिला, पुलावर खिडकीतून नदीला घाल म्हणून. मी घातला. गाडी धावती, वारा उलटा, सगळं पाणी मागच्या खिडकीतल्या एका वाण्याच्या पगडीवर आणि उरलेलं शहाभाईंच्या कोऱ्या धोतरावर. शहाभाई एरवी धोतरावरच्या डागासाठी भांडले असते. त्या दिवशी त्यांनी विचारलं, “हे कशासाठी, बेटा?” मी म्हटलं, नानांसाठी, ते पाणी मागताहेत. त्यावर तिघांचे चेहरे असे झाले की मी एवढी नाटकी बाई असून मला ते वठवता येणार नाहीत. चाचा उठून दारात जाऊन उभे राहिले आणि जळगाव येईपर्यंत आत आले नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी थेंब परत टेकला. आणि त्या संध्याकाळी आईने भाकरीचा तुकडा तोडला, तोंडाशी नेला, आणि तो परातीत ठेवून म्हणाली, आता मला लवकर जाऊ दे, तिकडे जाऊन मीच पाजते. हे ती रागाने म्हणाली नाही, की रडून नाही. बाजारात जाऊन येते म्हणावं तसं म्हणाली. मी ठरवलं की उद्या झोपायचं नाही. भूत असो की बाप असो, काय आहे ते डोळ्यांनी बघायचं. बघता नाही आलं तर त्याला घाबरवायचं.

धरणगाव गेलं. मी मान खिडकीला टेकली, डोळे मिटले, तोंड किंचित उघडं ठेवलं. झोपेचं सोंग ही माझी खास भूमिका. पाळधी गेलं. झोप खरोखरच येऊ लागली होती, म्हणून मी जीभ दातांखाली धरली. मग बाकाची फळी करकरली. कपड्याची सळसळ. आणि ओठावर तो गार थेंब. मी श्वास रोखला.

थेंब हलला नाही. एरवी तो लगेच जायचा, आज थांबला. अजून थांबला. मग थरथरायला लागला. गाडी पुलावर चढली, खाली तो पोकळ आवाज सुरू झाला, आणि माझ्या कानाशी चाचांचा आवाज आला, अगदी हळू, “भिकाभाऊ. देखो तो इसको.” समोरून भिकाभाऊ म्हणाले, “काय व्हयनं?” आणि चाचा लहान मुलासारखे म्हणाले, “साँस नहीं है. फिर वही. इसी सीट पे फिर वही.”

मी डोळे उघडले. माझ्या नाकाखाली चाचांचं बोट होतं आणि त्या बोटातल्या चांदीच्या अंगठीचा तांबडा खडा माझ्या ओठाला टेकला होता. मी विचारलं, “पाणी कोणी पाजलं होतं?”

पूल संपला. चाचांचा हात तसाच हवेत होता. मग शहाभाई म्हणाले, “कोणीच नाही, बेटा.”

जळगाव आलं. डबा रिकामा झाला. आमच्यातलं कुणीच उठलं नाही, आणि गाडी आम्हाला घेऊन भुसावळकडे निघाली. वर्षानुवर्षं जळगावला उतरणारी तीन माणसं पुढे कशी गेली याची दाणाबाजारात नंतर बरेच दिवस चर्चा होती. भिकाभाऊ म्हणाले, “बठ्ठं सांगी टाका आते, चाचा.” आणि चाचांनी सगळं सांगितलं. त्या दिवशीही धरणगाव गेल्यावर नाना झोपले. चाचा त्यांचे पत्ते ओढून खेळत राहिले. नानांच्या हाताला त्या दिवशी असा काही डाव आला होता की एकामागून एक तीन दहिले शहाभाईंकडे गेले. यांची मस्करी चाललेली, झोपेत कोट चढवतोय म्हणून. शेवटचं पान उरलं, बदामाचा दहिला. चाचा ते ओढायला गेले तर नाना सोडेनात. बोटं घट्ट. तिघांनाही वाटलं, जागे आहेत, नाटक करताहेत. चाचा म्हणाले, छोडो ना नाना, जीत तो आप ही रहे हो. आणि हिसका देऊन ओढलं. कोट झाला. पूल आला, गेला. नाना उठले नाहीत, म्हणून हे तिघं आणखीच हसले. जळगावला भिकाभाऊंनी खांद्याला हात लावला, नाना, ऊठा, जळगाव उनं. तेव्हा कळलं. टॉवेल अजून त्यांच्या गुडघ्यांवर होता. कधी गेले, कुठे गेले, कुणालाच माहीत नाही. ते पत्ते चाचांनी परतीच्या वाटेवर गिरणेत टाकले. आणि मी त्या जागी झोपायला लागल्यापासून चाचा रोज पुलाच्या आधी माझा श्वास बघत होते. “तुझी आई पाण्याचं विचारत होती,” शहाभाई म्हणाले. “तिला काय सांगायचं? तो गेला आणि आम्ही त्याच्या मांडीवर पत्ते कुटत हसत होतो?”

मी म्हटलं, हेच सांगायचं. आज. तुम्ही.

त्या संध्याकाळच्या भरतीबरोबर तिघं आमच्या घरी आले. आईने पाट दिले. चाचा पाटावर बसले नाहीत, जमिनीवर बसले आणि सगळं परत सांगितलं, पानापानासकट. आई पदर हातात धरून ऐकत होती. मला भीती वाटत होती की आता ही एक तर यांना हाकलेल किंवा स्वतः जाईल. तिने विचारलं, “ओरडले नाहीत?” चाचा म्हणाले, नाही भाभी. “छातीला हात? घाम?” काहीच नाही. आवाज नाही, उसासा नाही. मग तिने चाचांच्या हाताकडे बघितलं.

“पान ओढलंत तेव्हा हात गार होता की गरम?”

“गरम,” चाचा म्हणाले. “म्हणूनच तर कळलं नाही, भाभी.”

“नीट आठवून सांगा.”

“तुमची शपथ. गरम होता. आणि जोर होता त्यात.”

आईने शहाभाईंकडे बघितलं, मग भिकाभाऊंकडे, आणि मग तिचा चेहरा असा बदलला की मी तो अजून विसरलेले नाही. “मग ते जिवंत होते,” ती म्हणाली. “जागे होते. तुमची मजा करत होते.” आणि ती हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत. “त्यांना कुठली तहान? भो करायचं सोडून पाणी मागायला बसतात होय ते?” चाचा रडायला लागले आणि ही हसत होती. मग ती उठून आत गेली, माठातून पेला भरला आणि तिथेच उभ्याने पाणी प्याली. आम्ही चौघं बाहेर बसून तिच्या गळ्याचा आवाज ऐकत होतो. मग म्हणाली, पिठलं टाकते, जेवून जा. शहाभाईंसाठी कांदा-लसूण नको, लक्षात आहे माझ्या.

आई पुढे पुष्कळ वर्षं जगली, देवपूरला न जाता. तिला जे हवं होतं ते मिळालं आणि ती त्यावर कायम खूश राहिली. मी मात्र त्यावर अजून विचार करते. मेलेल्या माणसाच्या मांडीवर तिघं खेळत होते, ही गोष्ट मला आता भीतीची वाटत नाही. तशी पुष्कळ माणसं रोज खेळतात. मला भीती वाटते ती आईच्या गोष्टीची. की एक जिवंत माणूस डोळे मिटून, हसू दाबून, झोपेचं सोंग करून पडला होता, पूल आला की भो करायचं म्हणून, आणि मग पूल आला. मला त्यातलं थोडंसं ठाऊक आहे, आणि हे मी आईला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी चाचांच्या बोटाखाली मी श्वास रोखला तेव्हा पहिल्यांदा छाती दुखली, मग दुखायची थांबली, आणि मग सगळं इतकं शांत आणि सोपं झालं की खालचा तो पोकळ आवाजसुद्धा लांब गेला. श्वास परत घ्यायचा असतो, याची मला आठवण करून द्यावी लागली. आठवण चाचांच्या आवाजाने झाली. नानांच्या वेळी तिघंही हसत होते.